आधी बघणार, मग येणार

रविवार, रात्री

छकुलीला दीड वर्ष पूर्ण झालं. आज बारशाला गेलो होतो, तिथेही तेच. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तिने माझा पदर मुठीत धरला, तोंड खांद्यात खुपसलं आणि कुणी हात पुढे केला की पाय आखडून घ्यायला लागली. ‘माणसांत मिसळत नाही का गं ही?’ ‘एकटीच वाढतेय ना, म्हणून.’ मला हे फार लागतं, कारण ते खरं नाही. पाऊण तासाने ती आपणहून खाली उतरली. ताटलीतली एकेक घुगरी चिमटीत उचलून शेजारच्या आजींच्या तळहातावर ठेवायला लागली. आजींनी हात तोंडाकडे नेला की थांबवायची, आणखी एक ठेवायची, मग स्वतःच मान डोलावून ‘मम!’ म्हणायची. आजींना ती ओळखतही नव्हती.

तिचं सगळंच असं आहे. शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यात चालायला लागला, ही पंधरावा लागला तरी दिवाण धरून कडेकडेने सरकत होती. सासूबाई शांत होत्या, मी नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जिवात जीव आला: जागतिक आरोग्य संघटनेने भारत, ओमान, घाना, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या निरोगी मुलांच्या नोंदी ठेवल्या, त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं. एवढी मोठी खिडकी! मग एका संध्याकाळी तिने दिवाण सोडला आणि थेट स्वयंपाकघरात आली. मधे एकदाही पडली नाही.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायको. १९५६ पासून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून माग ठेवला. सुमारे ४० टक्के मुलं कुठेही चटकन रमणारी, १० टक्के सांभाळायला अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. बाकीची कुठल्याच गटात नीट बसेनात. माझी लेक त्या १५ टक्क्यांतली, यात मला तरी शंका नाही. त्यांचं एक म्हणणं मला मनापासून पटलं आहे. मुलाचा स्वभाव एकटा काही बिघडवत नाही. त्या स्वभावाचा आणि घरच्यांच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून ‘जा, मावशीला पापा दे’ म्हणत तिला कुणाच्या अंगावर ढकलायचं नाही, हे आमच्या घरात ठरलं आहे. पाहुण्यांना राग आला तरी चालेल.

स्वभाव म्हणून सगळंच सोडून द्यायचं असतं असं मात्र नाही. दीड वर्षाचं मूल चालत नसेल, एकही शब्द बोलत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा येत असलेलं विसरायला लागलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं. छकुलीचं बोट दिवसभर ताठ असतं: काऊ, पंखा, वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा. शब्द थोडे आहेत, पण ‘बाबांची चप्पल आण’ म्हटलं की बाबांचीच आणते, माझी नाही.

आणि परवाची गंमत लिहायलाच हवी. आंघोळीनंतर सासूबाईंनी गालावर तीट लावली. तिने ती कपाटाच्या आरशात पाहिली. आधी आरशातल्या बाळाकडे टक लावून बघितलं, वाकून कपाटाच्या मागेही डोकावली, आणि मग बोट नेलं ते थेट स्वतःच्या गालावर! काजळ बोटाला लागलेलं पाहून केवढी हसली. मानसशास्त्रज्ञ मुलांच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून हेच तपासतात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना आरशातलं मूल म्हणजे आपणच, हे कळतं. आमच्याकडे ही परीक्षा तिटेनेच होऊन गेली.

मंगळवारी लसीकरण आहे, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर. वेळेच्या आधीच जाऊन बसायचं ठरवलंय. भिंतीवरची चित्रं, नर्सताई, वजनकाटा, सगळं तिचं निवांत बघून होऊ दे. तापाचं औषध आणि आरोग्य कार्ड पिशवीत भरून ठेवलं आहे.