लाखोळी खाऊन पाय कसे जातात?

मी मूळची भंडाऱ्याकडची, शिकवते शरीरक्रियाशास्त्र. त्यामुळे पुण्यातल्या ओळखीत एक प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे लाखोळीची डाळ खातात ना? तिनं म्हणे पाय जातात. मग तुमचे कसे शाबूत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या ताटात लाखोळी होती, पण सोबत भात होता, भाजी होती. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत ती फेकून पेरतात. पुढं ना नांगर, ना पाणी. दुष्काळातही तग धरते. घात तिथंच आहे. दुसरं काहीच पिकलं नाही की गरीब घर महिनोन्महिने तिच्यावरच निभावतं, आणि मग ती बाधते.

मेंदूत एक पेशी दुसरीला चेतवते ती बहुतेकदा ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सोडून. काम झालं की आजूबाजूच्या आधारपेशी ते लगेच शोषून घेतात. लाखोळीत ओडीएपी नावाचं द्रव्य असतं, 1964 साली आपल्याच शास्त्रज्ञांनी वेगळं काढलेलं. त्याची ठेवण ग्लुटामेटसारखी, म्हणून त्याच्याच जागेवर जाऊन बसतं. पेशी चेतलेलीच राहते. कॅल्शियम पेशीच्या आत असतं त्याच्या सुमारे 10,000 पट बाहेर असतं. दारं उघडी राहिली की ते आत घुसतं. प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात, ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया फुगतात आणि पेशी स्वतःलाच पचवायला लागते. "म्हणजे मॅडम, बडबडून मेली," असं एक विद्यार्थी म्हणाला होता. मार्क द्यावेत असं उत्तर! जॉन ओल्नी या अमेरिकी संशोधकानं याला 'एक्सायटोटॉक्सिसिटी' म्हटलं, म्हणजे अति चेतवल्यानं होणारा घात. पक्षाघातातही हेच घडतं, फक्त तिथं मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे आपलंच ग्लुटामेट साचतं.

लाखोळीत मरतात त्या पायांना हुकूम नेणाऱ्या लांब पेशी. पाय लुळे पडत नाहीत, ताठरतात. टाच टेकत नाही, चालताना पायात पाय अडकतो. बुद्धी मात्र शाबूत, आणि मला तेच जास्त क्रूर वाटतं. गेलेली पेशी परत येत नाही.

1961 साली विक्रीवर बंदी आली. बांधीतली लाखोळी काही गेली नाही.

आई डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायची. "उग्रपणा जातो," म्हणायची. ओडीएपी पाण्यात विरघळतं, हे मला पुढं कॉलेजात कळलं. वडे मी अजूनही त्याच डाळीचे करते. पाणी फेकून.