कोकोडा ट्रॅक करायचा विचार असेल तर

पापुआ न्यू गिनीतला हा ट्रॅक ९६ किमीचा, ओवेन स्टॅन्ली डोंगररांग आडवी कापत जाणारा, कुठल्याही टोकाने करता येतो पण मी सांगेन की राजधानी पोर्ट मोर्सबीहून छोट्या विमानाने आधी कोकोडा गाठा आणि मोर्सबीकडच्या टोकाला, ओवर्स कॉर्नरकडे चालत या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या जुलैत, जपानी मोर्सबी घ्यायला उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि ऑस्ट्रेलियन ह्याच दिशेने लढत मागे हटत गेले, म्हणजे सगळं क्रमाने कळत जातं. वाटेतल्या इसुरावाच्या रणभूमीवर स्मारक म्हणून काळ्या ग्रॅनाइटचे चार खांब आहेत, बाजूलाच किंग्जबरीचा खडक. ऑस्ट्रेलियन सैनिक ब्रूस किंग्जबरी २९ ऑगस्टला ब्रेनगन (हलकी मशीनगन) घेऊन एकटा जपान्यांवर चालून गेला, इथेच पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वाटेच्या कडेला सैनिकांनी खणलेले खड्डे अजून दिसतात, पाचोळ्याने अर्धे भरलेले.

जपानी पार इओरिबाइवापर्यंत आले होते, मोर्सबी टप्प्यात, पण रसदच पोचेना, उपाशी फौज शेवटी मागे फिरली. इकडे ऑस्ट्रेलियनांचं रेशन आणि जखमी वाहिले ते इथल्या गावकऱ्यांनी, कित्येकांना जबरदस्तीने कामाला लावलेलं, हे स्मारकांवर फारसं येत नाही बरं का.

म्हणूनच पोर्टर घ्याच. सह्याद्रीत नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय म्हणून सॅक मीच उचलणार असला हट्ट नको, इथे तसं साधारण आठ-दहा दिवस रोज आहे, चढ संपला की उतार, उतार संपला की नदी, वर चिखल आणि मुळं. पोर्टरला किती पैसे मिळतात, झोपायला मॅट मिळते का, हे बुकिंग करतानाच ऑपरेटरला विचारा, उत्तर द्यायला का कू केली तर दुसरा बघा.

मे ते सप्टेंबर बरा, पाऊस तरीही पडतोच. परमिट लागतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आधीपासून सुरू करा, पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. माउंट बेलामीपाशी २,१९० मीटर उंची आहे, रात्री चक्क थंडी वाजते, एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून फक्त झोपायला ठेवा. शाकाहारी असाल तर भडंग, चटणी, मेतकूट घरून न्यावंसं वाटेल, पण कस्टम्सचे नियम आधी बघा. सुटे किना (तिथलं चलन) जवळ ठेवा, गावात केळी, पॅशनफ्रूट मिळतात, फक्त शनिवारी नाही कारण एफोगी, मेनारीकडचे बरेच लोक ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पवित्र मानणारे ख्रिश्चन, त्या दिवशी व्यवहार बंद.