तुम्ही विचारलंत म्हणून: मागांत आयुष्य गेले, मग दाताच्या मशीनचे काय एवढे?

"सारी नोकरी मागांच्या खडखडाटात काढलीत आणि दात साफ करायच्या त्या एवढ्याशा मशीनला घाबरता?" हा प्रश्न मला घरात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि दवाखान्याच्या बाकावर इतक्यांदा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे ठरवले. इचलकरंजीतील कापड विणणाऱ्या यंत्रमागांची शेड कशी असते आणि तिथे माझ्यासारखा हिशेब ठेवणारा दिवाणजी त्या खडखडाटात कसा बसतो, हे विचारणाऱ्यांना सांगायला नको. माझ्या कानांत रात्रंदिवस एक बारीक शिटी वाजत असते, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. या सगळ्याचा दातांशी संबंध काय, एवढेच त्यांना समजत नाही, आणि ते समजावून सांगण्याआधीच माझा आवाज चढतो.

प्रथम 'घाबरता' या आरोपाविषयी. अक्कलदाढ काढून घेताना मी सुईला हूं की चूं केले नव्हते. रक्ताचेही मला काही वाटत नाही. मुळात या प्रश्नामागचा हिशेबच उलटा आहे. आयुष्यभर आवाज सोसला म्हणजे कान निबर झाला असणार, असे लोक धरून चालतात. कानाच्या आत कॉक्लिआत, म्हणजे शंखाच्या आकाराच्या भागात, केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या मोठ्या आवाजाने मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. माझ्या ऑडिओग्रामवरची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरची रेघ ४,००० हर्ट्झच्या उंच पट्टीपाशी खड्ड्यात उतरते, आणि गोंगाटात काम केलेल्या माणसांत हा खड्डा बरेचदा आढळतो. अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण तोच आवाज जरा वाढला की एकदम असह्य होतो. सुखाने ऐकण्याची जी मधली जागा असते ती आक्रसून जाते. नात हळू बोलली की मी 'काय?' म्हणतो, आणि तेच तिने मोठ्याने सांगितले की 'ओरडतेस कशाला?' म्हणतो. घरात यावर हसतात. हसू द्यावे, पण तोच कान घेऊन मी डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा होतो, हे लक्षात असावे.

माझी पुतणी दंतवैद्य आहे, आणि ती हसत नाही, वाद घालते. "काका, त्या मशीनचं टोक सेकंदाला २५-३० हजार वेळा थरथरतं, आणि माणसाला २० हजारांच्या वरचं ऐकूच येत नाही," हा तिचा पहिला मुद्दा. मशीनचा जो आवाज ऐकू येतो तो सहसा ८५ डेसिबलच्या आत असतो, ८५ ची मर्यादा रोज आठ तास काम करणाऱ्यांसाठी आहे आणि माझे काम अर्ध्या तासाचे, हा दुसरा. दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते कधी नाकारलेले नाहीत. परंतु ते टोक दातावरच्या कीटणाला भिडते, त्यावर पाण्याचा फवारा पडतो, शेजारी थुंकी ओढणारी नळी घरघरत असते, आणि या सगळ्यांतून जी किंचाळी निघते ती चांगली ऐकू येते. शिवाय डेसिबल मोजणारे यंत्र हवेतला आवाज मोजते. मला तो आवाज हवेतून कमी आणि दातातून, हाडातून अधिक येतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर ५१२ हर्ट्झचा काटा (ट्यूनिंग फोर्क, सूर देणारा धातूचा दुबेळका) वाजवून कपाळावर टेकवतात, आणि तिथे नीट ऐकू आला नाही तर समोरच्या दातांवर टेकवतात, कारण दातांवरून तो अधिक स्पष्ट पोहोचतो. म्हणजे कानाशी बोलण्याचा एक राजमार्ग दातांतून जातो, आणि मशीन नेमके त्याच मार्गावर चालते.

'मग कानात बोळे घाला ना' हा सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी दोन्ही कानांत बोटे घट्ट घालावीत आणि भाजलेले शेंगदाणे चावावेत. कान बंद केल्यावर चावण्याचा आवाज वाढतो. बोळे नळीची घरघर थोपवतात, तेवढ्यापुरते ते मीही घालतो. पण दातातून येणाऱ्या आवाजापुढे त्यांचे काही चालत नाही, आणि त्यातला खालच्या पट्टीचा भाग तर उलट वाढतो.

आता मशीनने दात साफ करून घेतल्याच्या त्या दिवसाविषयी, ज्याचा उल्लेख मी करतो आणि तपशील टाळतो. मधुमेह निघाला तेव्हा फिजिशियनांनी बजावले की, हिरड्यांची सूज आणि साखर एकमेकींना वाढवतात, तेव्हा दात आधी साफ करून घ्या. मी एका दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीला कानांचे सविस्तर सांगितले: शिटी वाजते, मोठा आवाज सोसत नाही. तिने मान डोलावत लिहून घेतले. खुर्चीत बसल्यावर केसपेपर माझ्या नजरेस पडला. 'इतर तक्रारी' या ओळीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'कमी ऐकू येते'. त्यामुळे डॉक्टर आणि त्यांची मदतनीस दोघेही माझ्याशी ओरडून बोलू लागले. मी खुलासा करणार तोच नळीचा आकडा ओठात अडकवला गेला आणि "आ करा, काका!" असा पुकारा झाला.

खालच्या समोरच्या दातांची आतली बाजू आधी झाली. लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात म्हणून कीटण तिथे सर्वांत जास्त असते, आणि ते काम लांबले तरी सोसवले. वरच्या डाव्या शेवटच्या दाढेला टोक लागले तेव्हा मात्र आवाजाची दिशाच हरवली. तो डावीकडून येतो आहे की उजवीकडून हे कळेना. डोक्यात जेवढी जागा होती तेवढी त्याने भरली. मी हात वर केला. डॉक्टर थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "दुखतंय का?" दुखत नव्हते, म्हणून मी मान हलवली. "मग झालंच, दोन मिनिटं!" खुणेच्या भाषेत 'दुखत नाही, पण थांबा' हे कसे सांगायचे? मागांच्या शेडमध्ये ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून सारे व्यवहार चालतात. तिथे मला कधी काही सांगता आले नाही असे झाले नव्हते. इथे ओठ उघडे ठेवायचे होते आणि हाताला एकच अर्थ होता. मी पुन्हा हात वर केला तेव्हा मदतनिसाने तो प्रेमाने खाली धरला.

चूळ भरून मी स्टीलचा पेला ट्रेवर ठेवला, आणि त्या टणत्काराने दचकलो. रात्री पंखा लावून पडलो तेव्हा माझ्या नेहमीच्या शिटीखाली दुसरा सूर लागलेला होता, बॉयलरमधून वाफ सुटावी तसा. पुढचे कित्येक आठवडे घरात ताटे एकावर एक ठेवायची नाहीत, असा दंडक होता, आणि तो पाळताना पत्नीचा किती संयम गेला हे मी पाहिले आहे. दुसरा सूर पुढे कधीतरी गेला. कोणत्या दिवशी गेला हे सांगता येणार नाही.

त्यानंतर पुन्हा ऑडिओग्राम काढला. रेघ होती तिथेच होती. 'म्हणजे मनाचंच होतं' असे ज्यांना म्हणायचे होते त्यांनी ते म्हणून घेतले. नेहमीच्या तपासणीत २५० ते ८,००० हर्ट्झ एवढेच तपासतात, आणि किती हळू ऐकू येते हे त्या रेघेवरून कळते, किती मोठे सोसते हे कळत नाही, असे मी बजावून सांगितले. ते खरे आहे. पण मशीननेच तो सूर लावला याचा पुरावा माझ्यापाशी नाही, हेही तितकेच खरे. त्या काळात साखर वरखाली होत होती, झोप नव्हती, आणि इतका वेळ जबडा ताणून ठेवला होता; मी दात आवळले तरी माझी शिटी पट्टी बदलते. 'त्या मशीनने माझा कान नासवला' असे तेव्हा सर्वांना सांगत फिरणारा जो मी होतो, त्याला आज मी हे सगळे ऐकवले असते. तो मला म्हणाला असता, "तू आता स्वस्थ झोपतोस म्हणून असा समजूतदार झालास." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

मधल्या काळात एक दाढ हलू लागली आणि गेली. तिचा सारा दोष माझ्या टाळाटाळीवर ढकलला जातो. मधुमेहाच्या नावावर कोणी काही टाकत नाही. असो.

आता पुतणीने शोधून दिलेल्या डॉक्टरांकडे जातो. ते क्युरेटने, म्हणजे हाताने चालवायच्या वाकड्या टोकाच्या हत्याराने, खरवडतात, एका खेपेला अर्धेच तोंड, आणि सकाळी पहिली वेळ माझी असते. खरवडण्याचा आवाजही हाडातूनच येतो आणि तो काही गोड नसतो; पण प्रत्येक ओढीनंतर तो थांबतो, आणि थांबणार हे मला आधी ठाऊक असते. बोट वर केले की 'आवाज', मूठ वर केली की 'दुखते', असे आम्ही ठरवले आहे. अडचण एकच उरली आहे. खाली उजवीकडे एका दाढेशी हिरडी दातापासून सुटून खोल पोकळी झाली आहे, आणि डॉक्टरांच्या मते तिथपर्यंत पाण्यासह मशीननेच गेलेले बरे. पाच-पाच सेकंद चालवू, मध्ये थांबू, असे ते म्हणतात. मी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. पुतणीचा दर रविवारी फोन येतो, "काका, तारीख घेतलीत का?" सध्या नातीची परीक्षा चालू आहे, ती संपल्यावर बघू, असे मी तिला सांगितले आहे. परीक्षेचा माझ्या दाढेशी काय संबंध, हे तिने अजून विचारलेले नाही.