साखरेची वाळू होते तेव्हा

औषधी पाल्याचा अर्क काढणाऱ्या आमच्या युनिटला पाल्याचं नवीन पोतं आलं की आधी एक पान मी चावते. बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार, डायबेटिसवाले घेतात तो. मिनिटभर चघळायचं, चूळ भरायची आणि चिमूटभर साखर तोंडात टाकायची. पाला अस्सल असेल तर गोडी गायब, दाताखाली नुसती वाळू! अर्धा-पाऊण तास तरी जीभ ताळ्यावर येत नाही, त्यामुळे पोतं आलं त्या दिवशी दहाचा चहा फुकट. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चवीच्या रिसेप्टरला चिकटून बसतात, त्याची ही गंमत. रक्तातली साखर कमी होण्याचा हा पुरावा नव्हे. पोत्यात भलताच पाला भरलेला नाही, एवढंच यातून कळतं.

सावलीत वाळवलेला पाला भरडायचा, 70 टक्के अल्कोहोलमध्ये अर्क उतरवायचा, गाळून व्हॅक्यूमखाली आटवायचा. काकवीसारखं दाट, काळपट हिरवं काहीतरी हाती येतं. इथपर्यंत सोपं आहे. छळतो तो स्प्रे ड्रायर, म्हणजे अर्काचा फवारा गरम हवेत वाळवून पूड करणारं यंत्र. नुसता अर्क सोडला तर आतल्या भिंतीला लपकन चिकटतो, म्हणून त्यात सर्रास माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, जिचं पोटात झपाट्यानं ग्लुकोज होतं. डायबेटिसवाल्यांच्या अर्कात! मात्रा लहान असते, फार बिघडत नाही, पण मला खटकतंच.

म्हणून यंदा बाभळीच्या डिंकावर तीन बॅच काढल्या. पहिलीला नोझल तुंबलं. दुसरी झकास. तिसरीची पिशवी कुणीतरी नीट सील केली नाही आणि जूनच्या हवेत रात्रीत पुडीची ढेप झाली. कोयत्यानं फोडावी लागली.

अर्कात जिम्नेमिक आम्लं किती, त्या टक्क्यांचा घोळ वेगळाच. आम्ल टाकून साका पाडला आणि त्याचं वजन केलं की आकडा दणदणीत येतो, कारण साक्यात इतर गोष्टीही उतरतात. तोच नमुना एचपीएलसीवर, म्हणजे एकेक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर लावला की आकडा खाली येतो. गिऱ्हाईकाला अर्थातच मोठा आकडा आवडतो.

सासूबाईंनी परवा विचारलंच, "अगं, तुझी पावडर घेतली तर ही डायबेटिसची गोळी, मेटफॉर्मिन, सोडू का?"

"आई, अजिबात नाही. आणि पावडर जोडीला घ्यायची तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. साखर एकदम खाली गेली तर?"

मग त्यांना गॅलेगाची गोष्ट सांगितली. युरोपातलं रोप, साखर उतरवणारं, पण त्यातलं द्रव्य विषारी. त्याच जातकुळीतलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि मधुमेही माणसांवरचा अनुभव फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी छापला तो 1957 मध्ये.

"म्हणजे गोळीसुद्धा झाडपाल्याच्याच घरची की!" म्हणत त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली.

सोमवारी चौथी बॅच. पिशव्या मीच सील करणार आहे.