वंडरस्वान: एका पेन्सिल सेलवर चालणारं वेड

पार्सल उघडून वंडरस्वान हा हातात धरून खेळायचा जपानी व्हिडिओ गेम कन्सोल बाहेर काढला आणि पहिलाच प्रश्न पडला: यात सेल टाकायचा कुठे?

मागच्या बाजूला खाच होती, खाचेत धातूच्या दोन पट्ट्या होत्या, आणि बाकी सगळी हवा. वंडरस्वानचा सेल थेट कन्सोलमध्ये बसत नाही. एका पेन्सिल सेलसाठी प्लास्टिकची वेगळी डबी असते, सेल डबीत आणि डबी कन्सोलला. ही डबी सुटी निघते, म्हणजेच पंचवीस वर्षांत हरवते. विक्रेत्याने फोटो समोरूनच काढलेले. चूक त्याची नव्हती, कारण त्याने स्पष्ट 'जंक' लिहिलं होतं. जपानी जुन्या बाजारात या शब्दाला करारासारखं वजन आहे. चालेल, न चालेल, तुमचं नशीब, परत घेणार नाही. कधी नुसती धूळ असते आणि पुसली की वस्तू सुरू होते, कधी आत काहीच शिल्लक नसतं. मला वाटलं होतं की माझ्या वाट्याला धूळ येईल.

हा कन्सोल फारसा कुणाला माहीत नाही. त्याचा जन्म गुनपेई योकोई यांच्या डोक्यातला. निन्टेन्डो या खेळांच्या जपानी कंपनीत असताना 'गेम अँड वॉच' आणि 'गेम बॉय' हे हातात धरून खेळायचे खेळ त्यांनीच घडवले. १९९६ मध्ये ते तिथून बाहेर पडले, स्वतःची 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी या कन्सोलवर काम सुरू केलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वंडरस्वान बाजारात आला ४ मार्च १९९९ रोजी, ४,८०० येनला. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागायचे. याला एकच, आणि तो तीस-चाळीस तास पुरायचा. स्वस्त, जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्यातून नवं काहीतरी करायचं, हा योकोईंचा हट्ट. त्या एका सेलच्या डबीत मला तो हट्ट दिसतो. फक्त माझ्याकडे डबी नव्हती.

सुटी डबी मिळते, पण तिच्या किमतीत थोडी भर घातली की अख्खा दुसरा जंक कन्सोल येतो. तोच घेतला. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे लोक आपण ऐकलेत, मी नालेसाठी दुसरा घोडा घेतला. जुने कन्सोल जमवणाऱ्या कुणालाही विचारा, एकाचे तीन असेच होतात.

दुसऱ्याची डबी पहिल्याला बसली, सेल टाकला, बटण दाबलं, आणि आवाज आला. पडद्यावर मात्र डावीकडून तपकिरी डाग पसरलेला, चहा सांडून वाळावा तसा. दुसऱ्याचा पडदा त्याहून वाईट. नाक जवळ नेलं तर व्हिनेगरचा वास. जुन्या एलसीडीचा हा ठरलेला आजार आहे. काचेवर चिकटवलेली पोलरायझरची, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारी, फिल्म काळानुसार कुजते, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि वास व डाग दोन्ही त्याचेच. काच आणि तिच्या आतलं स्फटिकद्रव्य बहुतेक वेळा ठणठणीत असतं. म्हणजे वरची फिल्म काढून नवी लावली की पडदा परत येतो. वाचताना हे फार सोपं वाटतं.

सराव म्हणून आधी दुसरा कन्सोल घेतला. फिल्मच्या कोपऱ्याखाली ब्लेडचं टोक सारलं, जरा उचललं, आणि एक बारीकसा 'टिक' ऐकू आला. काचेचा कोपरा गेला. दुसऱ्या क्षणी पडद्यात शाईसारखा काळा डाग पसरायला लागला. मी ब्लेड धरून नुसती बघत बसले. थांबवण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिल्या कन्सोलला हात लावायला त्यानंतर तीन आठवडे लागले. यावेळी ब्लेड बाजूलाच ठेवलं. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड घासून पातळ केली, फिल्मच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले आणि वाट बघितली. गोंद मऊ होतो, कार्ड दोन मिलिमीटर आत जातं, पुन्हा थेंब, पुन्हा वाट. अख्खी दुपार गेली. फिल्म निघाल्यावर काचेवर राहिलेला चिकटा पुसायला तेवढाच वेळ लागला. कन्सोल सुरू केला तर पडदा कोरा, राखाडी. खेळ चालू होता, आवाज येत होता, दिसत मात्र काहीच नव्हतं. पोलरायझरशिवाय एलसीडी असाच आंधळा असतो.

मग आली सगळ्यात गमतीची पायरी. नव्या फिल्मचा तुकडा बोटांत धरून पडद्यावर हळूहळू फिरवायचा. एका कोनात चित्र पुसट, थोडं फिरवलं की ठळक, आणि तिथून नव्वद अंश फिरवलं की काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मी हे किमान वीस वेळा केलं असेल, कामापेक्षा मजा म्हणून. शेवटी ठळक कोन पकडला, खूण केली, तुकडा कापला आणि चिकटवला. उजव्या कोपऱ्यात धुळीचा एक कण अडकला. तो आजही तिथेच आहे, आणि मी परत फिल्म काढणार नाही.

पडदा आल्यावर मी स्टार्टचं बटण दाबून धरून कन्सोल सुरू केला. तसं केलं की मालकाच्या माहितीचा मेनू उघडतो: नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि रक्तगट. रक्तगटाचं कारण आहे. जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगायची रूढी आहे, आपल्याकडे राशीवरून सांगतात तशी, आणि काही खेळ ही माहिती वापरतातही. माझा रक्तगट विचारणारं हे पहिलंच खेळणं. पण उत्तरं आधीच भरलेली होती. रोमन अक्षरांतलं छोटंसं नाव आणि त्याच्यापुढे एक बदाम, पत्त्यांतल्यासारखा. जन्मतारखेवरून हिशेब केला, तर कन्सोल नवा असताना ते मूल दहा वर्षांचं असणार. ही माहिती कन्सोलच्या आतल्या ईईप्रॉम चिपमध्ये राहते, तिथे ती टिकायला वीज लागत नाही. डबी हरवली, पडदा कुजला, कन्सोल भंगाराच्या ढिगात गेला, तरी नावापुढचा बदाम तसाच.

मी मेनू बंद केला. माझं नाव घालायचं राहूनच गेलं.

आता खेळ. सुरुवात 'गनपे'पासून केली, कारण तो कन्सोलसोबत पहिल्याच दिवशी आला होता आणि त्याचं नाव योकोईंच्याच नावावरून ठेवलेलं आहे. कन्सोल उभा धरायचा. पाच रकाने, त्यांत तिरक्या रेषांचे तुकडे खालून वर सरकत येतात. तुकडे फक्त आपापल्या रकान्यात वरखाली हलतात. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत अखंड रेषा जोडली की ती नाहीशी होते. एवढंच. नियम अर्ध्या मिनिटात कळतात आणि तासाभराने सेल बदलायचा विचार करत नाही, कारण तो अजून तीस तास चालणार असतो. उभं धरता यावं म्हणूनच याची बटणं विचित्र आहेत. नेहमीच्या अधिक चिन्हाच्या बटणाऐवजी डावीकडे चार-चार सुट्या बटणांचे दोन गट आहेत. कन्सोल आडवा असताना वरचा गट जवळजवळ बेकार बसलेला असतो. उभा धरला की दोन्ही गट दोन अंगठ्यांखाली येतात आणि मग त्यामागचं डोकं कळतं.

गनपेला भाषा लागत नाही. 'फायनल फँटसी' या कथा असलेल्या खेळांच्या मालिकेला लागते. डिसेंबर २००० मध्ये वंडरस्वानचं रंगीत मॉडेल आलं, त्याच दिवशी या मालिकेचा पहिला भाग नव्याने रंगवून आला, पुढे दुसरा आणि चौथा. तिसऱ्याची घोषणा झाली, पण तो कधी आलाच नाही. त्यामुळे माझ्या फळीवर एक, दोन, चार असे उभे आहेत आणि पाहुणे हमखास विचारतात की तिसरा हरवला का. रंगीत खेळांसाठी मी 'स्वानक्रिस्टल' घेतला, २००२ चं शेवटचं मॉडेल. रंगीत मॉडेलच्या पडद्यापेक्षा याचा पडदा खूपच स्वच्छ, हलत्या चित्रामागे शेपूट राहत नाही. मागून उजेड मात्र यालाही नाही. दिव्याखाली तिरकं बसून खेळावं लागतं, मान दुखते.

जपानी मला येत नव्हतं. भाषांतर केलेल्या प्रती आहेत हे माहीत होतं, पण मला मूळ कार्ट्रिजवरच, म्हणजे कन्सोलमध्ये बसवायच्या खेळाच्या वडीवरच, खेळायचं होतं. हा हट्ट शहाणपणाचा नव्हता. खेळ सुरू झाला, चार योद्ध्यांची नावं घालायला सांगितलं आणि अक्षरांचा तक्ता समोर आला. मी तक्त्यातून एकेक अक्षर शोधत बसले आणि अचानक क्रम ओळखीचा वाटला. आ, इ, उ, ए, ओ. खाली का, कि, कु, के, को. ही तर बाराखडी! हा योगायोग नाही. संस्कृत वर्णमालेचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून जपानला पोहोचला आणि तिथल्या अक्षरांना लागला. क, स, त, न, ह, म, य, र, व. मग 'न' आणि 'म' यांच्या मधे 'ह' कसा? कारण प्राचीन जपानीत त्याचा उच्चार 'प' होता. आपल्या वर्णमालेतली प-वर्गाची जागा त्याने अजून सोडलेली नाही. अक्षराच्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की 'क'चा 'ग' होतो, 'त'चा 'द'. हे कळल्यावर तक्ता पाठ करायला दोन आठवडे पुरले. ज्याने लहानपणी बाराखडी घोकली त्याला अर्धं काम आधीच झालेलं असतं.

शिवाय अशा खेळांतले निम्मे शब्द इंग्रजीच निघतात, फक्त जपानी वेषात. 'आयतेमु' म्हणजे आयटम, 'पोशोन' म्हणजे पोशन, 'सेएबु' म्हणजे सेव्ह. लढाईचे शब्द तेवढे खरे जपानी: 'ताताकाउ' म्हणजे लढा, 'निगेरु' म्हणजे पळा. पहिल्या आठवड्यात 'निगेरु' फार वापरला. कथेतली दहापैकी तीन वाक्यं कळायची. दुकानदार काय सांगतोय हे न कळता मी त्याच्याकडून तीन वेळा तीच तलवार घेतली.

मधल्या काळात जमवाजमव चालूच होती. मला खोक्यासकट, पुस्तिकेसकट, कोरं करकरीत हवं असं काही वाटत नाही. सुटी कार्ट्रिज घेते, खेळते, फळीवर ठेवते. खोकं हवं असणाऱ्यांशी वाद नाही, पण त्यांतले काही प्लास्टिक फोडतच नाहीत तेव्हा मला त्या खेळाचीच दया येते. एक मात्र अजून मिळालेला नाही: 'जजमेंट सिल्व्हरस्वॉर्ड'. हौशी लोकांना घरी बसून वंडरस्वानसाठी खेळ लिहिता यावेत म्हणून 'वंडरविच' नावाचा संच विकला जायचा. त्यावर लिहिलेला हा उभा धरून खेळायचा गोळीबाराचा खेळ, २००४ मध्ये कार्ट्रिजवर आला. तोपर्यंत कन्सोलचा बाजार उठलाच होता. निन्टेन्डोचा गेम बॉय ॲडव्हान्स २००१ मध्ये आला आणि बांदाईने २००३ मध्ये आवरतं घेतलं. प्रती थोड्या, मागणी मोठी, किंमत मला न परवडणारी. नाद सोडला असं सांगते सगळ्यांना.

हेडफोनचीही एक अडचण. कन्सोलला भोकच नाही, वेगळा जोड लागतो आणि तोही हुडकावा लागतो. जोड मिळाला त्या रात्री पहिल्यांदा संगीत नीट ऐकलं. एवढ्याशा स्पीकरमधून इतके महिने काय काय निसटत होतं ते तेव्हा समजलं.

सगळ्यात वाईट गोष्ट सेव्हची, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपून ठेवणाऱ्या नोंदीची. एका जुन्या रोल-प्लेइंग खेळाचं कार्ट्रिज आलं. आत आधीच्या खेळाडूचा सेव्ह, एकोणचाळीस तासांचा, शेवटच्या किल्ल्याच्या दारात थांबलेला. का थांबला असेल? हरला, कंटाळला, की परीक्षा आली? कन्सोलमधलं नाव विजेविना टिकतं, पण अशा कार्ट्रिजमधला सेव्ह आतल्या बटणसेलवर जगतो. मोजला तर व्होल्टेज बराच खाली. बदलला नाही तर सेव्ह आज ना उद्या जाणार. बदलायला सेल उखडला की त्याच क्षणी जाणार. उपाय एकच: जुना काढण्यापूर्वी बाहेरून तीन व्होल्ट जोडायचे, नवा डागून घ्यायचा, मग बाहेरची तार सोडायची. केलंही तसं. नवा सेल जवळजवळ बसला होता, सोल्डर थंड होत होतं आणि कोपर लागून बाहेरची तार निसटली. क्षणभरच.

कार्ट्रिज लावलं. तीन रिकाम्या ओळी.

त्या रात्री मी तोच खेळ पहिल्यापासून सुरू केला. नाव विचारलं तेव्हा तक्त्यात कन्सोलमधलं ते छोटं नाव शोधून घातलं. बदाम मिळाला नाही. पहिल्या गावापर्यंत पोहोचले, तिथल्या सरायमध्ये 'सेएबु'वर बोट ठेवलं, कन्सोल बंद केला, कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवलं आणि झोपले. सकाळी दात घासायच्या आधी परत लावून बघितलं. पहिल्या ओळीत नाव होतं, पुढे चाळीस मिनिटं.