चाळकेवाडीचा सडा : पवनचक्क्यांखालचं रिकामं आभाळ

शनिवार-रविवार मोकळा मिळाला की मुंबईतले आपण पक्षीवेडे भांडुप पंपिंग, उरण नाहीतर ऐरोलीची खाडी गाठतो. यंदा एप्रिलमध्ये आमच्या मुलुंडच्या गटाने साताऱ्याजवळचं चाळकेवाडी निवडलं. पक्षी बघायला जायचंच होतं, पण तिथे काही पक्षी दिसेनासे का झाले, हे जास्त बघायचं होतं.

आधी जायचं कसं ते सांगते. स्वतःची गाडी असेल तर मुलुंडहून पहाटे चारला निघा, म्हणजे खंबाटकीची गर्दी टळते. एसटीने जाणाऱ्यांनी रात्रीची गाडी धरावी, सकाळी साताऱ्यात उतरता येतं. महालक्ष्मी एक्सप्रेसही आहे, पण ती अगदी आडवेळी उतरवते आणि स्टेशन गावापासून लांब आहे, तेव्हा रिक्षा आधीच सांगून ठेवा. साताऱ्यातून बोगद्याच्या बाहेर पडलं की सज्जनगडचा रस्ता लागतो. उरमोडीचं पाणी बघत वर चढायचं आणि ठोसेघरवरून पुढे जायचं. अंतर तीसेक किलोमीटरच आहे, पण घाट असल्यामुळे तासभर धरा. पेट्रोल आणि पैसे साताऱ्यातच भरून घ्या. ठोसेघरला पिठलं-भाकरी मिळते, वर काही मिळेलच असं धरून चालू नका.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, पोचलात की पहिल्यांदा आवाज येतो. पातं खाली येताना हवा कापल्याचा घुमारा, मग पुढचं पातं, मग त्याच्या पुढचं. जांभ्याचा उघडा माळ, मधूनमधून वाळकं गवत आणि नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. चंडोल वर चढून गात होते, टिटव्या आमच्यावर ओरडत होत्या. आभाळात मात्र फारसं काही नव्हतं. असा माळ, इतके सरडे आणि उंदीर, म्हणजे कापशी घार जागच्या जागी पंख मारत थांबलेली दिसायला हवी, तिसा हा शिकारी पक्षी एखाद्या दगडावर बसलेला हवा. चक्क्यांच्या रांगेत उभं राहून आम्ही दुर्बिणी फिरवत राहिलो. लांबवरून एक खरूची (छोटा ससाणा) आली आणि रांगेला वळसा घालून निघून गेली.

एका सकाळीवरून निष्कर्ष काढणं चुकीचं आहे, हे मलाही मान्य आहे. पण हे काम शास्त्रज्ञांनी याच सड्यावर रीतसर केलेलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा अभ्यास २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले आणि सरड्यांवर झडप घालण्याचे प्रसंगही घटले. शिकारी नाही म्हटल्यावर सरडे वाढले. ते निर्धास्तही झाले, माणूस बराच जवळ आला तरी पळेनात. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी भरलं. मात्र गर्दी वाढल्यामुळे वाट्याला येणारा आहार घटला आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले.

अभ्यासातला हा सरडा नव्या जातीचा म्हणून २०१६ मध्येच नोंदला गेला आहे. एप्रिल-मे हा त्याचा विणीचा काळ असल्यामुळे तो दिसतोच. आम्हाला रस्त्याकडेच्या दगडावर एक नर भेटला. पाय ताठ करून उभा राहायचा, डोकं दोनदा वरखाली करायचा आणि गळ्याखालची घडी फटकन उघडायचा : निळा, काळा आणि कडेला नारिंगी. छत्री मिटावी तशी लगेच मिटवायचा. आमच्यातली एकजण गुडघ्यावर बसून पुढे सरकत अगदी हातभर अंतरावर गेली, तरी तो तिथेच. फोटोसाठी सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र त्याच्या न पळण्यामागे घारीची गैरहजेरी दिसत होती आणि ते बघून वाईट वाटलं.

म्हणूनच पवनचक्क्यांचा प्रश्न निव्वळ मेलेल्या पक्ष्यांच्या मोजणीवर सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. गुरं घेऊन आलेल्या एका काकांना विचारलं, ''इथं पाखरं मरून पडलेली दिसतात का?'' ते म्हणाले, ''पडतंय की कवा कवा. पण सकाळपतूर कुत्री ठिवत्यात व्हय?'' नेमका हाच पेच अभ्यासकांनाही पडतो, सापडलेली संख्या ही नेहमी कमीतकमी संख्या असते. कच्छमधल्या पवनचक्क्यांखाली तीन वर्षांच्या अभ्यासात किमान ११ जातींच्या पक्ष्यांचे ४७ मृतदेह मिळाले होते. जे पक्षी धडकले नाहीत, जागाच सोडून गेले, ते तर कुठल्याच यादीत येत नाहीत.

कच्छ आपल्याला लांबचं वाटतं, पण ठाणे खाडीचं अभयारण्य ज्यांच्यासाठी २०१५ मध्ये जाहीर झालं, त्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं तिकडे घर आहे. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) मुंबईत टॅग लावलेले रोहित गुजरातेत पोचल्याचं दिसलं आहे. शिवाय चक्कीमागे विजेच्या वाहिन्या येतातच. माळढोकाच्या थरच्या वाळवंटात तर तारांना धडकणं हेच मरणाचं मोठं कारण ठरलं आहे आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. कोळसा जाळून आपलं काही भलं होणार नाही. पण २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येत नाहीत, हे मला पटत नाही. चक्की कुठे उभी करायची, हे ठरवण्याआधी तिथलं आभाळ निदान वर्षभर बघायला हवं. जुन्या चक्क्या काढून मोठ्या आणि कमी चक्क्या बसवण्याचं केंद्राचं धोरण २०२३ मध्ये सुधारून आलं आहे, म्हणजे जागा नव्याने निवडायची संधी समोर आहे. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. प्रयोग चारच चक्क्यांवरचा होता, पण आपल्याकडेही करून बघण्यासारखा नक्की आहे. अर्थात रंगाने धडक टळेल. जागा सोडून गेलेली घार त्याने परत येईल असं नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. शिकारी पक्षी ऊन तापून हवा वर चढू लागली की उडतात, म्हणून नऊ ते अकरा ही वेळ मोजणीला ठेवा आणि त्याआधी चंडोल बघून घ्या. गटाचे दोन भाग करा : एक चक्क्यांच्या रांगेत, दुसरा कोयनेच्या बाजूच्या, चक्क्या नसलेल्या उघड्या सड्यावर. वेळ दोघांची एकच हवी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. दुसऱ्या दिवशी जागा बदला. कोयना अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. चक्कीच्या कुंपणापाशी जायचं असेल तर रखवालदाराला विचारा, ती माणसं चांगली बोलतात. खाली मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. फोटो, जागा आणि वेळ टिपून वनखात्याला कळवा. सरड्यांच्या मागे माळभर पळू नका आणि दगड उलटू नका, त्यांचा सगळा संसार त्या दगडांच्या आडोशाने चालतो.

सावली अजिबात नाही. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि एप्रिलमध्येही पहाटेसाठी विंडचीटर हवाच. वाऱ्याने तिपाई हलते, म्हणून वजन टांगायला पिशवी ठेवा.

नोंद ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाकाल तेव्हा चक्क्यांखालची आणि उघड्या सड्यावरची यादी वेगवेगळी टाका आणि दोन्ही पूर्ण टाका. तासभर उभं राहून एकही घार दिसली नाही, तरी ती यादी टाकाच. हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, तेव्हाच्या नोंदी जास्त मोलाच्या ठरतील. आम्ही डिसेंबरात परत जाणार आहोत. त्याच सुमारास कुणी जात असेल तर आठवडा वेगळा घ्या, म्हणजे नोंदींमध्ये खंड पडणार नाही.