क्रोटनचे शेजारी

दुपारी तीन-साडेतीनचं तिरपं ऊन पेट्रा जातीच्या क्रोटनवर पडलं की पानांतून आरपार येतं आणि केशरी-लाल शिरा उजळून निघतात. त्याच उजेडात शेजारचं झाडही नजरेत भरतं. बहुतेक वेळा ते कोलियस असतं, नाहीतर पिवळा दुरांटा, नाहीतर तांबडी अकॅलिफा. म्हणजे रंगीताशेजारी रंगीत. भजनाला बसलेल्या सगळ्यांनीच पेटी ओढली तर टाळ कोणी धरायचे?

क्रोटनच्या शेजाऱ्याचं पहिलं काम शोभा वाढवण्याचं नाही, पाय झाकण्याचं आहे. झाड तीन-चार फुटांचं झालं की खालची पानं गळतात आणि वर झुपका, खाली काटक्या असा प्रकार होतो. रंग निवडताना आणखी एक गोष्ट सहसा सुटते. बहुतेक जातींत कोवळं पान हिरवं-पिवळं येतं आणि जून होताना लालीवर जातं. त्यामुळे एकाच झाडाचा शेंडा पिवळा आणि खालचा घेर लाल असतो. पायाशी लावलेल्या झाडाची गाठ त्या लालाशी पडते. नर्सरीत आपण मात्र शेंड्याकडे बघून जोडी जुळवतो.

लालाच्या पायाशी ऱ्हिओ छान दिसतो. त्याचं पान वरून गडद हिरवं, खालून जांभळं, उंची फूटभर, पाण्याची फारशी तक्रार नाही. अर्धवट सावली असेल तर अबोली लावावी. तिचा केशरी रंग क्रोटनच्या शिरांत आधीच असतो, म्हणून तो उपरा वाटत नाही. पण अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांचा, त्रास होतो, तेव्हा रोप घेताना पिशवीतून अलगद काढून मुळांवर गाठी नाहीत ना, ते पाहावं. नर्सरीवाला कुरकुरतो, कुरकुरू द्यावं. कडेला पांढरी रेन लिली लावली तर एरवी गवतासारखी हिरवी रेघ राहते आणि पावसाळ्यात फुलं येतात. गोल्ड डस्टसारखी पिवळ्या ठिपक्यांची जात असेल तर शेजारी साधं, रुंद, एकरंगी हिरवं पान हवं. स्पायडर लिली तिथे उत्तम. पट्ट्यांच्या पानांचं ‘सॉन्ग ऑफ इंडिया’ मात्र गोल्ड डस्टजवळ नको. ठिपके आणि पट्टे एकत्र आले की डोळा ठरत नाही.

मागच्या बाजूला काय लावावं, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: तगर. गडद हिरवं पान, पांढरं फूल आणि छाटणी निमूट सोसण्याचा स्वभाव. क्रोटनला फुलं येतात, पण ते बारीक तुरे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ती उणीव तगर भरून काढते. विदर्भात आणि मराठवाड्यात तिचा दुसरा उपयोगही आहे. क्रोटनचं मूळ घर इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांसारख्या दमट भागातलं. त्याला उजेड भरपूर हवा, पण एप्रिल-मेचं कोरडं पश्चिमेचं ऊन त्याची पानं करपवतं. म्हणून तिथे तगर मागे नव्हे, पश्चिमेला लावावी, अडीच-तीन फूट अंतर सोडून. सकाळचं चार-पाच तासांचं ऊन मोकळं ठेवावं, नाहीतर पानं नुसती हिरवी होऊन बसतात. नत्राचं खत जास्त झालं तरी तेच होतं. कोकण-गोव्यात हवा दमट आणि जांभ्याच्या मातीतून पाण्याचा निचरा चांगला, त्यामुळे क्रोटन कुंपणालाही बिनघोर वाढतो.

जास्वंद मात्र लांब ठेवावी. दोघांनाही पिठ्या ढेकूण ही कीड लागते आणि मुंग्या ती इकडून तिकडे पोचवतात. दाट लावणीत ती दिसतेही उशिरा. दिसलीच तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थेंब घालून संध्याकाळी फवारावं, पानांच्या बगलांत आणि मागच्या बाजूने. उन्हाळ्यात पानांमागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी या किडीची. तिथे साध्या पाण्याचा जोराचा फवारा आधी करून पाहावा. अडेनियम, निवडुंग ही मंडळीही बाहेरच बरी, कारण त्यांना माती सुकू द्यावी लागते आणि क्रोटन तेवढ्यात माना टाकतो. मनी प्लांट पायाशी गोड दिसतो, पण तो खोडावर चढतो आणि चढला की पान मोठं करतो. मग झाकायचे होते पाय, झाकलं जातं झाड.

शेजाऱ्यांची लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. क्रोटनची बारीक मुळं वरच्या थरात असतात. कुदळीने दणादण खणलं की पंधरवड्यात पानं गळू लागतात. बुंध्यापासून फूटभर अंतर सोडून खुरप्याने रोपाच्या पिशवीएवढाच खड्डा घ्यावा. काळ्या मातीत थोडी भरड वाळू आणि शेणखत मिसळावं. वर दोन इंच पालापाचोळा, पण बुंध्याला टेकवू नये. बाल्कनीतल्या दहा-बारा इंची कुंडीत तर दुसरं झाड नकोच. वेगवेगळ्या कुंड्या जवळजवळ ठेवाव्या. पानांभोवतीची हवा थोडी दमट राहते आणि जोडी पटली नाही तर कुंडी उचलता येते.

छाटताना हातमोजे घालावे. चीक त्वचेला झोंबतो, कपड्यांवर डाग पडतो. रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं घरात असेल तर शेजाऱ्यांचा विचार नंतर, आधी क्रोटनच उंचावर हलवावा.

एवढं करूनही कुणाला कोलियसच हवा असेल तर लावू द्यावा. तुरे आले की तो लांबटतो आणि खालून उघडा पडतो. पुढच्या पावसाळ्यात तिथे तगरीची फांदी खोचता येते.